राजदूतसाहेबांचा ब्लाउज

परराष्ट्रमंत्र्यांच्या पहिल्या भेटीची वेळ रविवारी सकाळी ठरल्याचा फोन गुरुवारी दुपारी आला, आणि त्याच संध्याकाळी राजदूतांचा उजवा हात ब्लाउजच्या बाहीत अडकला.

अडकला म्हणजे पार अडकला. कोपरापर्यंत गेला आणि मग पुढेही जाईना, मागेही येईना. भारताच्या बहरीनमधल्या नव्या राजदूत हेमा खांबेटे आरशासमोर एक हात वर करून उभ्या होत्या आणि त्यांचे यजमान शैलेंद्र खांबेटे बाहीचं टोक धरून खाली वाकले होते.

"ओढू नकोस, फाटेल."

"ओढत नाहीये. आधार देतोय."

दोघांनी मिळून हात सोडवला, तेव्हा दोघंही घामाघूम झाली होती. घरच्या सामानाचा कंटेनर अजून समुद्रातच होता. बरोबरच्या बॅगांमधून दोनच चांगल्या रेशमी साड्या आल्या होत्या. एक बहरीनच्या राजेसाहेबांना नेमणुकीचं मूळ अधिकारपत्र सादर करायच्या दिवसासाठी राखून ठेवलेली, आणि दुसरी ही, वांगी रंगाची, मंत्र्यांच्या भेटीसाठी. इथे कामाचा आठवडा रविवारी सुरू होतो, आणि त्या भेटीत अधिकारपत्राची प्रत द्यायची असते. ती दिली जात नाही तोवर राजदूत हा येऊन राहिलेला पाहुणा असतो. समारंभ नाहीत, भाषणं नाहीत, वर्तमानपत्रात फोटो तर मुळीच नाही.

हेमाने ब्लाउज उलटा करून शिवण पाहिली. "आत माया आहे भरपूर. बाही आणि कुशी नुसत्या उसवून दोन बोटं सोडल्या की झालं."

शिवणीच्या आत ठेवलेल्या जादा कापडाला मराठीत माया म्हणतात, याबद्दल खांबेट्यांना आपल्या भाषेचा फार अभिमान होता. पण तो बोलून दाखवायची ही वेळ नव्हती.

"दूतावासाची गाडी नको आणि तिथला माणूसही नको," हेमा म्हणाली. "आपलं खासगी काम आहे. मीच बघते उद्या कुठे शिंपी मिळतो का."

"मी आहे ना," खांबेटे म्हणाले.

हे तीन शब्द त्यांनी जरा जास्तच ठासून म्हटले. कारण बहरीनला आल्यापासून 'मी आहे ना' म्हणायची पाळीच आली नव्हती. हेमाची नोकरी देशोदेशी फिरायची आणि खांबेट्यांची चिंचवडच्या बँकेत, असा संसार वर्षानुवर्षं चालला होता. ब्रँच मॅनेजर म्हणून ते निवृत्त झाले आणि पहिल्यांदाच बायकोबरोबर पोस्टिंगवर आले. बँकेत त्यांच्या टेबलासमोर माणसं उभी राहत. इथे कागदोपत्री त्यांचा हुद्दा होता 'स्पाउस'.

त्यातून जो भेटे तो त्यांनाच राजदूत समजे. माणूस उंच, केस पांढरे, चेहरा गंभीर. लोकांचाही काही दोष नव्हता. विमानतळावर पुष्पगुच्छ थेट त्यांच्याच दिशेने आला होता, आणि त्यांनी तो बँकेत चुकीच्या खिडकीवर आलेल्या चेकसारखा शेजारी सरकवला होता. तेव्हापासून ते घसा खाकरून एक वाक्य म्हणत: "राजदूत ह्या. मी... बरोबर आलोय."

निवासस्थानाचं रंगकाम होईपर्यंत खांबेटे मंडळी जुफैरमधल्या एका इमारतीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होती. समोरच्या दारात वसईचं तुस्कानो जोडपं होतं. मार्सेलिना सलमानियाच्या हॉस्पिटलात नर्स, आणि कॉर्नेलियस एका हॉटेलात बँक्वेटचा प्रमुख. आयुष्यभर मोठ्या लोकांना जेवण वाढल्यामुळे राजशिष्टाचार आपल्याला पाठ आहे असं कॉर्नेलियसचं ठाम मत होतं, आणि ते तो दार उघडं दिसताच ऐकवी.

"मॅडमना सांगा शैलेंद्रभाऊ, अरबी कॉफीचा कप उजव्या हातात घ्यायचा. आणि बस झालं की नुसता हलवायचा, असा. नाही हलवला की ते वाढतच राहतात. एका पाहुण्याला मी स्वतः सतरा कप पिताना पाह्यलंय. भीडेखातर! रात्रभर झोपला नाही बिचारा."

"कॉफीचं राहू दे," मार्सेलिना म्हणाली. "ब्लाउज दाखवा भाऊ. हे काम नझीरचंच. मनामाच्या बाजारात, मागच्या गल्लीत. माझ्या पुतणीचा लग्नाचा गाऊन त्यानेच नीट केला. आमच्या ह्यांना घेऊन जा, त्यांना शुक्रवारी सुट्टी आहे."

शुक्रवारी संध्याकाळी कॉर्नेलियसने गाडी काढली. बाजार नुकताच उघडला होता आणि सगळं बहरीन एकाच गल्लीत शिरल्यासारखी गर्दी होती. नझीर मास्तरांचं दुकान म्हणजे एक काउंटर, मागे दोन शिवणयंत्रं, एक आरसा आणि छताला टांगलेले असंख्य झगे. मास्तरांनी ब्लाउजकडे पाहिलंही नाही.

"शादियों का सीज़न है. मंगल से पहले मुमकिन नहीं."

"मंगळवार?" खांबेट्यांनी ब्लाउज आणखी पुढे केला. "भाईसाहब, सिर्फ उसवना है..." 'उसवणे'ला हिंदीत काय म्हणतात ते त्यांना आठवेना. त्यांनी हवेत टाके ओढून दाखवले. नझीर मास्तर टांगलेल्या झग्यांकडे पाहत राहिले.

तेव्हा कॉर्नेलियस पुढे सरला. "मास्टरजी, किसको मंगलवार बोलता है? इंडिया का नया अँबॅसॅडर साब खडा है सामने!"

दुकानातली शिवणयंत्रं थांबली. नझीर मास्तर उठून उभे राहिले. मागचे दोन कारागीर उठले. एक गिऱ्हाईक बसलं होतं, तेही उठलं. कोणीतरी खुर्ची पुसून पुढे केली.

खांबेट्यांनी घसा खाकरला. ते नेहमीचं वाक्य जिभेवर आलं होतं. 'राजदूत मी नाही' एवढंच म्हणायचं होतं. पण तेवढ्यात इथल्या कडक, दुधाळ करक चहाचा कप हातात आला, आणि तोंडात चहा असताना माणसाला बोलता येत नाही. चहा संपल्यावर बोलू, असं त्यांनी ठरवलं. चहा ते फार सावकाश प्यायले.

"कल शाम को मिल जाएगा, हुज़ूर. मेरा सबसे अच्छा कारीगर करेगा, ओवैस. और हुज़ूर मंत्री जी के यहाँ खुद क्या पहनेंगे? बंदगला? नाप तो लेने दीजिए!"

"नको, नको," खांबेटे म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांनी दोन्ही हात वर केले.

मास्तर आकडे पुकारत होते, एक कारागीर ते पर्चीवर लिहीत होता. मापं संपता संपता गल्लीतून सुयश नावाचा एक पुणेरी तरुण अकाउंटंट चालला होता. त्याने 'अँबॅसॅडर' हा शब्द ऐकला, खुर्चीत परत बसलेली भारदस्त मूर्ती पाहिली, आणि मोबाइल काढला. परतताना गाडी जुफैरच्या रस्त्याला लागली.

"तुम्ही असं का सांगितलंत त्याला?" खांबेट्यांनी विचारलं.

"अवो, 'साहेबांचं काम' म्हटलं की माणूस हलतो," कॉर्नेलियस म्हणाला. "मॅडमचं म्हटलं असतं, तर त्याने विचारलं असतं मॅडम कुठेयत. पण तुम्ही बाकी बसलात मस्त हां. अगदी अँबॅसॅडर!"

ही स्तुती खांबेट्यांना नको होती, पण ती आवडलीही होती, आणि त्याचाच त्यांना त्रास होत होता.

घरी पोचेपर्यंत फोटो त्यांच्या आधी पोचला होता. 'भारताचे नवे राजदूत सामान्य माणसासारखे बाजारात!' असा मजकूर, खाली हात जोडलेल्या आकृत्यांची रांग. फोटोत खांबेटे खुर्चीवर विराजमान होते. एका हातात चहा, मांडीवर वांगी रंगाचा ब्लाउज. मराठी मंडळींच्या ग्रुपवरून तो केरळी मंडळींच्या ग्रुपवर गेला होता, तिथून कुठे गेला ते देव जाणे. बंगळुरूहून मुलीचा, अनुष्काचा, संदेश आला होता: 'काँग्रॅट्स ऑन युअर अपॉइंटमेंट, बाबा.'

हेमा फोनवर होती. "हो. पाहिला. नाही, तो माझा नवरा आहे. हो, माझाच आहे तो. नाही, ब्लाउज." तिने फोन ठेवला. सुयशला निरोप गेला होता. त्याने बिचाऱ्याने लगेच माफी मागून फोटो काढून टाकला होता. पण पुढे गेलेले फोटो कोण परत आणणार?

खांबेटे सोफ्याच्या कडेला बसले. ती चिडली असती तर बरं झालं असतं. चिडलेल्या माणसाशी भांडता येतं.

"खुर्ची बरी होती का?" हेमाने विचारलं.

त्यांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "मी सांगणार होतो. खरंच. पण सगळे उठून उभे राहिले ना... किती दिवसांनी कुणीतरी माझ्यासाठी उठलं, हेमा."

तिने पुन्हा वाजणारा फोन बंद केला. मग शेजारी येऊन बसली. "तुला इथे एवढं अवघड जातंय, हे तू बोलला नाहीस."

"तुझ्या डोक्याला इतकी कामं. त्यात माझं कुठे..."

"बोलायला हवं होतंस." तिने चष्मा काढून डोळे चोळले. "मला त्या फोटोचं एवढं नाही रे. पण रविवारी पहिल्यांदा त्या माणसासमोर बसणार मी. आणि त्याने आधीच हा फोटो पाहिला असला, तर मी आत गेल्यावर त्याच्या डोक्यात पहिली गोष्ट काय येईल? सगळी नोकरी गेली माझी ही एक गोष्ट समजावण्यात, की राजदूत मी आहे, मागचे ते नाहीत."

मागचे ते. म्हणजे सेक्रेटरी, ड्रायव्हर, दुभाषी, जो कुणी पुरुष मागे उभा असेल तो. खांबेट्यांनी हे कधी ऐकलंच नव्हतं. त्यांना आपला पुष्पगुच्छ आठवत होता. तिचे किती पुष्पगुच्छ असे बाजूने आले असतील, हा विचार त्यांच्या मनात आजवर आला नव्हता. ते त्या रात्री ताटावर बसले, पण जेवण गेलं नाही.

शनिवारी दुपारी नझीर मास्तरांचा फोन आला. ओवैसला कणकण आहे, घरी बसूनच काम केलंय, हुज़ूरना तसदी देण्याबद्दल माफी, पण ब्लाउज मआमीरहून आणावा लागेल. कॉर्नेलियस ड्युटीवर होता. खांबेट्यांनी टॅक्सी केली.

सित्राच्या तेल-कारखान्यांच्या कुशीत मआमीर आहे. टॅक्सीची काच बंद असूनही तेलाचा वास आत आला. एका बैठ्या घराच्या दारात ओवैस वाट पाहत उभा होता. गळ्याला मफलर, डोळ्यांत ताप आणि चेहऱ्यावर कर्तव्यपूर्तीचा आनंद. मागे त्याची बायको तूबा दाराआड उभी होती. त्याने ब्लाउज दोन्ही हातांनी झटकून उलगडला.

तो उलगडतच गेला.

दोन्ही कुशींना त्याच रंगाच्या कापडाचे वीतभर रुंद तुकडे लावलेले होते. शिवण सुरेख होती. आत दोन हेमा सहज मावल्या असत्या.

"यह क्या है?" खांबेट्यांचा आवाज चिरका झाला.

"हुज़ूर का नाप. छाती बयालीस, पेट चवालीस." ओवैसने पर्ची पुढे केली. पर्चीवर 'अँबॅसॅडर साहब' असं लिहिलं होतं. "दुकान से फोन पे पूछा भी मैंने. बोले, अँबॅसॅडर साहब का ही है."

"मैंने कहा था यह ज़नाना है," दाराआडून तूबा म्हणाली.

"मैंने सोचा बड़े लोग हैं," ओवैस पुटपुटला. "कोई नाटक-वाटक होगा."

खांबेटे दारातच उभे राहिले. रविवार सकाळ अगदी तोंडावर आली होती. काल चहाबरोबर तोंडातच राहिलेलं वाक्य अखेर निघालं, आणि हिंदीत निघालं, म्हणून असेल कदाचित, पण सरळ निघालं.

"अँबॅसॅडर मैं नहीं हूँ. मेरी बीवी है. मैंने झूठ बोला. मतलब, बोला नहीं. चुप बैठा."

ओवैसने पर्चीकडे पाहिलं, मग खांबेट्यांकडे. तूबा मात्र दाराआडून थेट पुढे आली. "बीवी? औरत सफ़ीर है? अँबॅसॅडर?" आणि उत्तराची वाट न पाहता तिने शेजारच्या भिंतीवर दोन थापा मारून कोणालातरी हाक दिली. मग तिने ब्लाउज नवऱ्याच्या हातातून काढून घेतला. "लाइए. मैं करती हूँ. बीबी का नाप बताइए."

नाप. खांबेट्यांनी दोन्ही हात हवेत धरले, एवढी असेल असं दाखवायला. ते हात कुठे थांबवावेत ते त्यांना कळेना. थोडे जवळ आणले, थोडे लांब नेले.

"मुझ जितनी?" तूबाने मदत केली. "मुझसे मोटी?"

"मालूम नहीं," खांबेटे म्हणाले. आणि मग त्यांनी हेमाला फोन लावला आणि सगळं सांगितलं, काही न वगळता. पलीकडून कसला तरी दबका आवाज आला. ती रडतेय की काय अशी त्यांना भीती वाटली.

"बेचाळीस?" ती म्हणाली. ती हसत होती. "थांब. येते मी."

मार्सेलिना शिफ्ट संपवून नुकतीच आली होती. युनिफॉर्मवरच तिने हेमाला गाडीत घातलं. साध्या सुती सलवार-कमीजमधली राजदूत मआमीरच्या त्या घरात शिरली, तेव्हा आतमध्ये शेजारच्या चार बायका जमून बसल्या होत्या. सगळ्याजणी उठल्या. हेमा आधी खाली सतरंजीवर बसली, म्हणून त्यांनाही बसावं लागलं. तूबाने मापं घेतली, यंत्र पुढे ओढलं, आणि ओवैसने लावलेले तुकडे उसवायला सुरुवात केली. चहा आला.

खांबेटे ओवैसबरोबर दाराशी बसले होते. आपली बायको नोकरीवर नक्की काय करते, हे त्यांनी इतक्या वर्षांत कधी पाहिलंच नव्हतं. गार खोल्यांमध्ये बसून दोन देशांच्या संबंधांबद्दल गोड बोलायचं, अशी त्यांची समजूत होती. आता ते पाहत होते. हेमा एखादा प्रश्न विचारी. मुलं कोणत्या शाळेत जातात, गावी शेवटचं कधी गेलात, या वासाचं काय करता. आणि मग गप्प बसे. समोरचीला उत्तर सापडेपर्यंत गप्प बसे, आणि उत्तर पहिल्यांदा दिलं जातं तेच खरं असं मानत नसे. "नाक को आदत हो गई," तूबा आधी म्हणाली. मग बऱ्याच टाक्यांनंतर, मान वर न करता, "छोटे को नहीं हुई. रात को खाँसता है." मार्सेलिनाने लगेच त्या मुलाला जवळ बोलावून छातीला कान लावला, आणि सोमवारी त्याला कुठे आणि कोणाकडे आणायचं ते सांगितलं.

बँकेत खांबेट्यांनी हजारो माणसांना प्रश्न विचारले होते. पण उत्तरासाठी इतकं कधी थांबले होते का, ते त्यांना आठवेना.

ब्लाउज झाला. पण ओवैसने मोठे तुकडे जोडताना आतली माया कापून टाकली होती, त्यामुळे काखेखाली दोन नव्या पट्ट्या लावाव्या लागल्या. रंग जुळत होता, चमक जुळत नव्हती.

"हाथ नीचे रखेंगी तो किसी को नहीं दिखेगा," तूबा म्हणाली. "ऊपर मत उठाइएगा, बीबी."

रविवारी हेमा गेली. खांबेट्यांनी पदराची टाचणी लावून दिली आणि ते दारापर्यंत पोचवायला गेले. बायको-नवऱ्याने जोडीने जायची ही भेट नव्हती. ते परत आले तर सोफ्यावर कॉर्नेलियस बसलेला.

"आता हस्तांदोलन झालं असेल," तो घड्याळाकडे न बघता म्हणाला. "आता बसले. आता कॉफी आली."

"गप्प बसा हो."

"कप हलवायचं लक्षात असेल ना? हलवताना कोपर उचललं तर..."

खांबेट्यांच्या डोळ्यांसमोर दोन पट्ट्या चमकल्या. त्यांनी उठून खिडकी उघडली. बाहेरची दमट हवा आत आली, म्हणून परत बंद केली.

हेमा आली, चपला दारात काढल्या आणि सोफ्यावर बसून पाय पसरले. तिने कॉर्नेलियसलाही बसून राहा म्हणून सांगितलं.

"कॉफी तीनदा प्यायले. कप हलवायची हिंमत झाली नाही."

"मी म्हटलं नव्हतं!" कॉर्नेलियस म्हणाला.

"आणि फोटो?" खांबेट्यांनी विचारलं.

"पाहिला होता त्यांनी. बसल्या बसल्या म्हणाले, 'मला वाटलं होतं नवे राजदूत जरा उंच आहेत.'"

खांबेट्यांनी डोळे मिटले. "मग? तू काय म्हणालीस?"

"मोती, दोन देशांचा जुना व्यापार, असं सगळं भाषण तयार करून नेलं होतं मी. तेही म्हटलं नंतर. पण आधी जे झालं तेच सांगितलं. माझा नवरा माझा ब्लाउज नीट करायला गेला, चुकून राजदूत झाला, आणि त्यामुळे मला मआमीरमधल्या एका घरात चहा मिळाला. आल्यापासून इथल्या कुणाच्या घरी गेले नव्हते, हे माझं पहिलं घर. तर त्यांनी विचारलं, काय बोलल्या त्या बायका. मी सांगितलं. त्या मुलाच्या खोकल्याचंसुद्धा. मग ते हसायचे थांबले. बराच वेळ बोलत होतो आम्ही, वेळ संपून गेली तरी." तिने पदराची टाचणी काढली. "तयार केलेलं भाषण असतं तर वेळेत संपलं असतं."

कॉर्नेलियस उठला, समोरच्या दारात गेला आणि घाईघाईने मार्सेलिनाला सगळं सांगू लागला. त्याच्या सांगण्यात कॉफीचे कप आताच पाच झाले होते.

संध्याकाळी बेल वाजली. खांबेट्यांनी दार उघडलं. बाहेर सुयश उभा होता. मागे मराठी मंडळींपैकी तिघं-चौघं, एकाच्या हातात शाल, एकाच्या हातात नारळ. सुयशच्या हातात मोठा पुष्पगुच्छ होता आणि चेहरा पडलेला होता.

"सर, त्या फोटोबद्दल मी खरंच..." असं म्हणत त्याने पुष्पगुच्छ सवयीने पुढे केला. मग चूक लक्षात येऊन मागे घेतला. मग मागे घेणंही उद्धट दिसेल म्हणून अर्धा पुढे केला. फुलं दोघांच्या मध्ये हवेत थांबली.

"या, आत या," खांबेटे म्हणाले. "मी शैलेंद्र. हेमाचा नवरा."

घसा खाकरावा लागला नाही, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं. त्यांनी दार पूर्ण उघडलं, सगळ्यांना आत घेतलं आणि आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "हेमा, तुला भेटायला मंडळी आलीयत!"

"तुम्हा दोघांना, सर," सुयश चपला काढता काढता म्हणाला.

"बरं, दोघांना," खांबेटे म्हणाले, आणि साखर किती घालायची ते प्रत्येकाला विचारून चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले.